बालकांच्या भाषाविकासातील विलंब : जोखीम घटकांचा अर्थ आणि उपयोग

प्रस्तावना

मूल बोलू लागले की घरादाराला आनंद होतो. ते वेळेवर बोलू लागले नाही, तर मात्र घरात आणि शेजारीपाजारी काही ठरावीक उत्तरे तयार असतात. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे वडीलही तीन वर्षांपर्यंत बोलत नव्हते’, ‘जीभ जड आहे’, ‘घरात दोन भाषा बोलतात म्हणून गोंधळला आहे’, ‘वेखंड चाटवा, आपोआप बोलेल’ ही ती उत्तरे होत. त्यांपैकी काहींत तथ्याचा अंश आहे, तर काहींत तो मुळीच नाही. परंतु या सर्वांचा व्यवहारातील परिणाम एकच होतो. मुलाची तपासणी लांबणीवर पडते. भाषा आत्मसात करण्याच्या दृष्टीने पहिली तीन वर्षे अत्यंत महत्त्वाची असल्याने ही लांबण महागात पडते.

बालविकास, मानसशास्त्र, गृहविज्ञान आणि शिक्षणशास्त्र या विषयांच्या पाठ्यक्रमांत भाषाविकासाचे टप्पे शिकविले जातात. भाषाविकासात विलंब होण्याची कारणेही यादीच्या स्वरूपात सांगितली जातात. ही यादी पाठ होते, पण तिचा उपयोग कसा करावयाचा हे बहुधा सांगावयाचे राहून जाते. प्रस्तुत लेखात भाषिक विलंबाच्या जोखीम घटकांचे विवेचन केले असून, हे घटक म्हणजे निदान नव्हे आणि पालकांवर ठेवावयाचा ठपकाही नव्हे, तर कोणत्या मुलाकडे आधी लक्ष द्यावयाचे व काय आधी तपासावयाचे हे ठरविण्याचे ते साधन आहे, असे प्रतिपादन केले आहे.

वाचा, भाषा आणि विलंब : संकल्पनांचे स्पष्टीकरण

सामान्य व्यवहारात ‘बोलणे’ या एकाच शब्दाने दोन भिन्न गोष्टींचा निर्देश होतो. ध्वनींचे उच्चारण म्हणजे वाचा. शब्दांचा अर्थ समजणे, शब्द योजणे, ते व्याकरणाच्या नियमांनी जोडणे आणि त्यांचा संवादासाठी उपयोग करणे म्हणजे भाषा. तीन वर्षांचे मूल ‘काका’ला ‘ताता’ म्हणत असेल, पण ‘ताता ऑफिसला गेला, आता मला खाऊ आणेल’ अशी वाक्ये जुळवीत असेल, तर त्याचे उच्चार बोबडे आहेत, भाषा मात्र उत्तम आहे. उलट एखादे मूल मोजकेच शब्द अगदी स्वच्छ उच्चारीत असेल आणि त्यांची जोडणी त्याला साधत नसेल, तर तेथे चिंतेचे कारण आहे. बोबडेपणा सर्वांच्या ध्यानात येतो, भाषेचा विलंब मात्र पुष्कळदा ‘मूल शांत आहे’ या कौतुकाखाली झाकला जातो.

भाषेचेही आकलन आणि अभिव्यक्ती असे दोन भाग पडतात. ‘चेंडू आण’ म्हटल्यावर चेंडू आणणारे, पण ‘चेंडू’ न म्हणणारे मूल आणि दोन्ही न करणारे मूल यांची स्थिती सारखी नाही. आकलनही मागे असेल तर विलंब आपोआप भरून निघण्याची शक्यता कमी होते. म्हणून ‘किती शब्द बोलतो?’ या प्रश्नाच्या आधी ‘खुणा न करता सांगितलेले किती समजते?’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

विलंब आणि विकार यांतील भेदही लक्षात घेणे आवश्यक आहे. दोन वर्षांच्या वयात मागे असलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले शाळेच्या वयापर्यंत समवयस्कांना गाठतात. उरलेल्यांत अडचण टिकून राहते. श्रवणदोष, बौद्धिक अक्षमता वा स्वमग्नता यांपैकी काहीही नसताना टिकून राहणाऱ्या या अडचणीला ‘विकासात्मक भाषाविकार’ असे म्हणतात. मानसशास्त्रज्ञ डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने इंग्रजीभाषक देशांतील तज्ज्ञांनी २०१६-१७ मध्ये या संज्ञेवर एकमत घडवून आणले. अमेरिकेतील आयोवा राज्यात व परिसरात टॉम्बलिन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या १९९७ च्या पाहणीत बालवर्गातील ७.४ टक्के मुलांत असा विकार आढळला होता. तीस मुलांच्या वर्गात अशी दोन मुले असू शकतात, एवढा या आकड्याचा अर्थ ध्यानात घेतला तरी पुरेसे आहे.

विलंब ओळखण्याचे निकष

व्यवहारात उपयोगी पडणारी धोक्याची चिन्हे थोडी आणि स्पष्ट आहेत. बारा महिन्यांपर्यंत ‘बाबा’, ‘दादा’ यांसारखे अक्षरसमूह न उच्चारणे, तसेच बोट दाखविणे, ‘टाटा’ करणे यांसारख्या खुणा नसणे, सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसणे, चोवीस महिन्यांपर्यंत स्वतःहून दोन शब्द न जोडणे, आणि कोणत्याही वयात आलेली भाषा नाहीशी होणे ही ती चिन्हे होत. यांपैकी शेवटचे चिन्ह सर्वांत गंभीर असून तेथे एक दिवसही थांबू नये. चोवीस महिन्यांच्या मुलाचा शब्दसंग्रह पन्नासपेक्षा कमी असणे वा त्याने शब्द न जोडणे हा निकष संशोधनात १९८० च्या दशकापासून वापरला जात आहे.

मात्र हे निकष प्रामुख्याने इंग्रजी भाषेच्या अभ्यासातून आलेले आहेत, ही गोष्ट मराठी अभ्यासकाने विसरता कामा नये. मराठीत ‘आलो’, ‘आली’, ‘आले’ या एकेका पदातच क्रियेबरोबर लिंग-वचन-पुरुषाची माहिती असते. संदर्भ ठाऊक असेल तर कर्ता वा कर्म गाळूनही वाक्य पूर्ण होते. ‘दिलं’, ‘नको’, ‘संपलं’, ‘पडला’ हे एकेक शब्द मराठी मुलाच्या तोंडी पूर्ण विधानाचे काम करतात. तेव्हा केवळ शब्दांची बेरीज न करता मूल रूपे बदलते का, ‘दे’ आणि ‘दिलं’ यांतील फरक पाळते का, ‘घर’ आणि ‘घरात’ हे वेगळे योजते का, हेही पाहिले पाहिजे. तसेच शब्द मोजताना ‘भूभू’, ‘माऊ’, ‘हंबा’, ‘भुर्र’, ‘मम्मं’ हेही शब्दच धरावेत. त्यांचा ध्वनी आणि अर्थ यांचा संबंध स्थिर असेल, तर ती भाषाच आहे.

जोखीम घटक म्हणजे काय?

जोखीम घटक म्हणजे ज्याच्या उपस्थितीत एखाद्या स्थितीची शक्यता वाढते असा घटक. तो कारण असेलच असे नाही, आणि त्याच्या अभावी ती स्थिती उद्भवणारच नाही असेही नाही. हा भेद दोन मोठ्या अभ्यासांवरून स्पष्ट होतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियात झुब्रिक, टेलर, राइस आणि स्लेगर्स यांनी चोवीस महिन्यांच्या १,७६६ मुलांची पाहणी केली. ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात १३.४ टक्के मुलांत भाषेचा उदय उशिरा होत असल्याचे आढळले. कुटुंबात कोणी उशिरा बोलू लागलेले असणे, मूल मुलगा असणे, मुदतपूर्व जन्म आणि अपेक्षेपेक्षा कमी जन्मवजन हे घटक महत्त्वाचे ठरले. मात्र आईवडिलांचे शिक्षण, आर्थिक स्थिती, त्यांचे मानसिक आरोग्य वा संगोपनाची पद्धत यांचा या वयातील विलंबाशी संबंध दिसला नाही. ‘आईने लक्ष दिले नाही म्हणून मूल बोलत नाही’ या सहज काढल्या जाणाऱ्या उद्गाराला या निष्कर्षाने मोठा छेद दिला आहे.

मेलबर्न येथील रायली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात (२००७) तर सर्व ज्ञात जोखीम घटक एकत्र घेऊनही दोन वर्षांच्या मुलांच्या शब्दसंग्रहातील फरकांपैकी केवळ ७ टक्क्यांच्या आसपास फरकांचे स्पष्टीकरण करता आले. तीच मुले चार वर्षांची झाल्यावर (२०१०) हे प्रमाण सुमारे एक पंचमांशापर्यंत गेले आणि सामाजिक-आर्थिक घटकांचा प्रभाव जाणवू लागला. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, केवळ जोखीम घटकांच्या यादीवरून कोणते मूल मागे पडेल हे सांगता येत नाही. म्हणून जोखीम नसलेल्या मुलाकडेही डोळेझाक करता येत नाही. दुसरी, भाषेच्या उदयावर जैविक घटकांचा, तर तिच्या पुढील विस्तारावर परिसराचा प्रभाव अधिक असतो.

श्रवण : प्रथम तपासावयाचा घटक

सर्व घटकांत श्रवणाला अग्रक्रम द्यावयाचा तो दोन कारणांसाठी. श्रवणदोष भाषेच्या मार्गातच आडवा येतो, आणि तो वेळेवर सापडला तर त्यावर उपाय करता येतो. दर हजार जन्मांमागे साधारण एक ते तीन बालकांत जन्मतः लक्षणीय श्रवणदोष असतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५० मुलांची तुलना केली होती. ज्यांचा दोष सहा महिन्यांच्या आत ओळखला जाऊन उपचार सुरू झाले, त्यांची भाषा उशिरा ओळखल्या गेलेल्या मुलांपेक्षा लक्षणीयरीत्या सरस होती. एका महिन्याच्या आत चाळणी-चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार हे सूत्र अशाच पुराव्यावर उभे आहे.

आपल्याकडे घरगुती परीक्षा म्हणून ताट वाजविले जाते. मूल दचकले वा वळले की ‘कान चांगले आहेत’ असा निर्वाळा दिला जातो. ही परीक्षा फसवी आहे. ताटाचा आवाज मोठा असतो, आणि त्याचा कंपही मुलाला जाणवू शकतो. सौम्य वा मध्यम दोष असलेले, किंवा केवळ उच्च पट्टीचे ध्वनी न ऐकणारे मूलही या परीक्षेत सहज उत्तीर्ण होते. अशा मुलाला ‘स’, ‘फ’, ‘त’ यांसारखे क्षीण ध्वनी पुरेसे ऐकू येत नाहीत. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाच्या अखेरीस आणि कमी आघाताने येतात. गजबजलेल्या घरात ‘घरात’, ‘घरातून’, ‘घरासाठी’ यांतील ‘घर’ तेवढे कानी पडले आणि शेपूट हरवले, तर व्याकरण शिकावयाचे कशावरून? मूल लक्ष देत नाही, हट्टी आहे असे वाटते, प्रत्यक्षात त्याच्यापर्यंत वाक्य अर्धेच पोहोचलेले असते.

श्रवणदोषाची जोखीम वाढविणारे घटक असे : कुटुंबातील बहिरेपणाचा इतिहास, गरोदरपणातील रुबेला वा अन्य संसर्ग, जन्मतः न रडणे, अतिदक्षता विभागातील दीर्घ वास्तव्य, रक्त बदलावे लागेल इतकी तीव्र कावीळ, मेंदूज्वर, कानाला अपाय करणारी काही प्रतिजैविके, टाळू दुभंगलेली असणे आणि वारंवार कान फुटणे. महाराष्ट्राच्या संदर्भात आणखी एका घटकाचा स्पष्ट उल्लेख करावयास हवा. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची प्रथा अनेक समाजांत आजही आहे. रक्तसंबंधातील विवाहांमुळे आनुवंशिक बहिरेपणाची शक्यता वाढते. ही बाब कुणाला दोष देण्यासाठी नव्हे, तर अशा कुटुंबातील प्रत्येक नवजात बालकाची श्रवणचाचणी आवर्जून व्हावी यासाठी सांगावयाची आहे. ‘ओएई’ आणि ‘बेरा’ या चाचण्या मूल झोपलेले असतानाही करता येतात. मुलाने उत्तर देण्याची गरज त्यांत नसते, म्हणून ‘अजून लहान आहे, थोडा मोठा झाला की तपासू’ ही सबब टिकत नाही.

जन्म, शरीर आणि आनुवंशिकता

मुदतपूर्व जन्म आणि कमी जन्मवजन हे आपल्या समाजात वारंवार आढळणारे घटक आहेत. सदतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या मुलाच्या विकासाचे मापन करताना पहिली दोन वर्षे त्याचे वय अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजतात. ही सवलत शास्त्रीय आहे, पण ती दोन वर्षांपुरतीच आहे. ‘आठव्या महिन्यातला आहे ना’ हे उत्तर चौथ्या वर्षीही देणे योग्य नाही.

जन्मजात थायरॉइड-न्यूनतेत वेळेवर उपचार झाले नाहीत, तर बुद्धी आणि भाषा दोहोंची हानी होते. जन्मानंतर लगेच रक्तचाचणी केल्यास ती टाळता येते. गरोदरपणातील आयोडिनची न्यूनता आणि बालवयातील लोहाची तीव्र न्यूनता यांचाही मेंदूच्या विकासाशी संबंध आहे. म्हणून पोषण हा प्रश्न केवळ वजनाच्या तक्त्यापुरता मर्यादित नाही.

मुलगा असणे हा सांख्यिकीय जोखीम घटक खरा, परंतु त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. भाषेच्या प्रारंभी मुलगे मुलींच्या सरासरीने एक-दोन महिने मागे असतात. हे अंतर एक-दोन महिन्यांचे आहे, वर्षाचे नव्हे. अडीच वर्षांचा मुलगा शब्द जोडत नसेल, तर ‘मुलगे उशिरा बोलतात’ या वाक्याने त्याचे स्पष्टीकरण होत नाही. उलट मुलग्यांत विलंब आणि स्वमग्नता यांचे प्रमाण अधिक असल्यामुळे तेथे अधिक दक्षता हवी. ‘वडीलही उशिरा बोलले’ या विधानाचेही तसेच आहे. लोक ते दिलासा म्हणून सांगतात, संशोधनाच्या दृष्टीने ती जोखमीची नोंद आहे.

भाषेबरोबर सामाजिक प्रतिसादही मागे असेल, मूल नावाने हाक मारल्यास वळत नसेल, बोट दाखवून आपला आनंद दुसऱ्यास सांगत नसेल, तर स्वमग्नतेच्या दृष्टीने स्वतंत्र तपासणी करावयास हवी.

परिसरातील घटक

परिसराचा विचार करताना सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास हार्ट आणि रिस्ली यांचा आहे. कॅन्सस येथील ४२ कुटुंबांच्या निरीक्षणावरून त्यांनी १९९५ मध्ये असा अंदाज मांडला, की गरीब घरातील मूल चार वर्षांचे होईपर्यंत सुस्थित घरातील मुलापेक्षा सुमारे तीन कोटी शब्द कमी ऐकते. हा आकडा जगभर पोहोचला, परंतु त्यावरील आक्षेप तितकेसे पोहोचले नाहीत. गरीब कुटुंबांची संख्या त्या अभ्यासात अगदी थोडी होती. स्पेरी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखविले, की आईखेरीज इतर माणसांचे बोलणे आणि मुलाच्या आसपास होणारे बोलणे जमेस धरले तर चित्र बरेच बदलते. आजी, आत्या, चुलत भावंडे, शेजारची माणसे यांनी भरलेल्या मराठी घराचा विचार करता हा आक्षेप विशेष महत्त्वाचा आहे. गरिबी म्हणजे भाषादारिद्र्य हे समीकरण अध्यापकाने मनातून काढून टाकले पाहिजे.

शब्दांच्या संख्येपेक्षा देवाणघेवाण महत्त्वाची, ही गोष्ट आता अधिक स्पष्ट होत आहे. रोमिओ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांचा अभ्यास केला. मुलाने किती शब्द ऐकले यापेक्षा मोठ्यांशी त्याची किती वेळा आळीपाळीने बोलाचाली झाली, याचा मेंदूतील भाषाकेंद्राच्या क्रियाशीलतेशी अधिक निकटचा संबंध आढळला. अभ्यास लहान असला तरी त्याची दिशा बोधप्रद आहे. मुलासमोर सतत बोलणे पुरेसे नाही. मुलाने ‘काऊ’ म्हटल्यावर ‘हो, काऊ आला, काऊ उडून गेला’ असे म्हणून पुन्हा त्याच्या उत्तरासाठी थांबणे ही खरी भाषाशिकवण आहे. तिला खर्च नाही, फक्त फुरसत लागते. दिवसभर मजुरी करणाऱ्या, वा प्रसूतीनंतरच्या नैराश्याने ग्रासलेल्या मातेपाशी ती नसते. अशा ठिकाणी उपदेशापेक्षा आधार द्यावयास हवा.

पडद्याचा प्रश्न याच अंगाने पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक वर्षापर्यंतच्या मुलांना पडदा मुळीच नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही दोन वर्षांखालील मुलांना, नातलगांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल वगळता, पडदा दाखवू नये असे सांगितले आहे. पडदा मुलाचा वेळ घेतो आणि त्या वेळात होऊ शकणारी बोलाचाली हिरावतो. चित्रफितीतील गाणे मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. तथापि, न बोलणारे मूल मोबाइल पाहते म्हणून बोलत नाही, असा तर्क करून श्रवणचाचणी टाळणे ही दुसऱ्या टोकाची चूक होय.

जे जोखीम घटक नाहीत

दोन भाषा कानी पडल्याने मूल गोंधळते आणि उशिरा बोलते, ही समजूत सुशिक्षितांतही दृढ आहे. संशोधनाचा आधार तिला नाही. द्विभाषिक मुलाचे दोन्ही भाषांतील शब्द एकत्र मोजले, तर त्याचा संग्रह एकभाषिक मुलाइतकाच असतो. दोन भाषांची सरमिसळ हे गोंधळाचे लक्षण नसून हाताशी असलेली साधने वापरण्याची ती रीत आहे. कॅनडातील के-रेनिंग बर्ड आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात डाउन सिंड्रोम असलेली द्विभाषिक मुलेही तशाच एकभाषिक मुलांच्या मागे नव्हती. तेव्हा भाषा मागे असलेल्या मुलाच्या पालकांना ‘घरची भाषा सोडा आणि शाळेचीच बोला’ असा सल्ला देणे अशास्त्रीय आहे. त्यामुळे ज्या भाषेत आजीला गोष्ट सांगता येते, रागावता येते आणि लाड करता येतात, तीच मुलाकडून काढून घेतली जाते.

महाराष्ट्रात या मुद्द्याला विशेष महत्त्व आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात मराठी मातृभाषा असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी, नंदुरबारमधील भिलीभाषक मूल अंगणवाडीत येते तेव्हा ते पुष्कळदा महिनोन्‌महिने गप्प राहते. ही नव्या भाषेसमोरची शांतता आहे, विलंब नव्हे. परंतु याच्या उलट चूकही संभवते. मूल खरोखरच मागे असते आणि ‘त्याची भाषा वेगळी आहे’ असे म्हणून ते सोडून दिले जाते. दोन्ही चुका टाळण्याचा उपाय एकच आहे. हे मूल घरी, घरच्या भाषेत, आपल्या भावंडांच्या मानाने कसे बोलते, हे घरच्या माणसाला विचारणे. घरच्या भाषेतही अडचण असेल तर विलंब, नसेल तर ती केवळ भाषाभिन्नता.

जिभेखालचा पडदा आखूड असल्यास स्तनपानात वा काही उच्चारांत अडचण येऊ शकते, परंतु तो भाषिक विलंबाचे कारण नसतो. वेखंड वा अक्कलकारा जिभेला चोळल्यानेही भाषा येत नाही, कारण अडचण जिभेत नसते. हे चाटण मधातून देण्याची पद्धत तर एक वर्षाखालील बालकास धोकादायक आहे, कारण मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

‘वाट पाहू’ या सल्ल्याची किंमत

निम्म्याहून अधिक मुले पुढे आपोआप सावरतात, मग वाट पाहण्यात काय गैर, असा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतील प्रतिबंधात्मक आरोग्यसेवा कार्यदलाने २०१५ आणि पुन्हा २०२४ मध्ये, कोणतीही शंका वा लक्षण नसलेल्या सर्व मुलांची सरसकट भाषिक चाळणी करावी असे म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही, असा निर्णय दिला आहे. मात्र हा निर्णय शंका नसलेल्या मुलांपुरता आहे. जेथे आईला शंका आली आहे तेथे तो लागू होत नाही.

शिवाय सावरलेल्या मुलांचेही सर्व काही पूर्ववत होते असे नाही. लेस्ली रेस्कोर्ला यांनी उशिरा बोलू लागलेल्या मुलांचा सतरा वर्षे वयापर्यंत मागोवा घेतला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ही मुले सर्वसामान्य मर्यादेत आली होती, तरी शब्दसंग्रह, व्याकरण आणि शाब्दिक स्मृती यांत तत्सम पार्श्वभूमीच्या समवयस्कांच्या मागेच होती. आणि कोणते मूल सावरेल हे आधी ठाऊक नसते. श्रवणदोष असलेल्या मुलासाठी वाट पाहण्याचा प्रत्येक महिना हा भाषेवाचून गेलेला महिना असतो. सावरणाऱ्या मुलाची तपासणी झाली तर एक फेरी वाया जाते, न सावरणाऱ्या मुलाची राहिली तर वर्षे वाया जातात. या दोन तोट्यांची तुलना केली, तर निर्णय कठीण राहत नाही.

उपलब्ध व्यवस्था आणि तिच्यातील फटी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्यानुसार फिरती आरोग्य पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करतात. श्रवणदोष आणि भाषिक विलंब यांचा समावेश त्यात आहे. पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. बहिरेपणाच्या प्रतिबंधासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६ पासून आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून कार्यरत असलेले अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थान निदानाबरोबर तज्ज्ञांचे प्रशिक्षणही करते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वाचा व भाषा अक्षमतेचा स्वतंत्र निर्देश आहे.

व्यवस्था आहे, पण ती मुलाच्या पत्त्यावर अवलंबून आहे. ऊसतोड मजुरांची मुले साधारण दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि हंगाम संपल्यावर परततात. वीटभट्टीवरील मुलांचे तसेच आहे. पथक गावात येते तेव्हा मूल फडावर असते, आणि फडावर पथक गेले तर त्या मुलाची पूर्वीची नोंद गावात असते. जन्मतः न रडलेल्या, आठव्या महिन्यात जन्मलेल्या, कान वाहणाऱ्या मुलांना तपासणीची सर्वाधिक गरज आहे, आणि स्थलांतरितांतील अशीच मुले या फटीतून निसटतात. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी पुढे कोसबाडच्या परिसरात मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा विचार प्रत्यक्षात आणला. तपासणीच्या बाबतीतही तोच विचार लागू करावा लागेल.

महाविद्यालयीन अध्यापकांची भूमिका

या विषयात महाविद्यालयांनी काय करावे, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. पहिली गोष्ट अध्यापनाची. जोखीम घटकांची यादी शिकविताना प्रत्येक घटकापुढे ‘मग काय करावे’ हा रकाना असावा. भावी शिक्षिकेला, समुपदेशकाला आणि परिचारिकेला यादी पाठ असण्यापेक्षा ‘आधी कान’ हे दोन शब्द ठाऊक असणे अधिक उपयोगाचे आहे.

दुसरी गोष्ट संशोधनाची. परभाषेतील शब्दसूचीचे भाषांतर म्हणजे मराठीचे निकष नव्हेत. चोवीस महिन्यांचे मराठी मूल कोणते शब्द आणि कोणती क्रियारूपे योजते, वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी घरांत हा क्रम कसा असतो, याच्या काळजीपूर्वक नोंदी मराठी, मानसशास्त्र आणि गृहविज्ञान विभागांनी मिळून केल्या, तर त्या वाचा-भाषा तज्ज्ञांस प्रत्यक्ष उपयोगी पडतील. आंतरविद्याशाखीय संशोधनाचा हा नैसर्गिक विषय आहे.

तिसरी गोष्ट विस्तारकार्याची. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत रक्तगट तपासणी होते, तशी जिल्हा रुग्णालयाच्या सहकार्याने बालकांची श्रवण-चाळणी होऊ शकते. साखर कारखान्याच्या परिसरातील महाविद्यालयांना ही संधी विशेषत्वाने आहे.

समारोप

भाषिक विलंबाच्या जोखीम घटकांतून कोणत्याही एका मुलाचे भविष्य वाचता येत नाही, हे उपलब्ध संशोधनावरून स्पष्ट होते. म्हणून त्यांचा उपयोग भाकितासाठी वा दोषारोपासाठी करू नये. त्यांचा खरा उपयोग अग्रक्रम ठरविण्यासाठी आहे. शंका आली की प्रथम श्रवण तपासावे, मग आकलन व सामाजिक प्रतिसाद पाहावा, घरच्या भाषेतील स्थिती विचारावी, आणि कोणत्याही टप्प्यावर घरची भाषा बंद करू नये. मूल बोलत नाही ही तक्रार सर्वप्रथम आईच करते, आणि बहुतेक ठिकाणी तिला ‘उगाच काळजी करू नकोस’ असे सांगितले जाते. तिची काळजी ही उपलब्ध माहितीतील मोलाची नोंद आहे असे मानून त्याच आठवड्यात श्रवणचाचणीचा पत्ता तिच्या हाती देणे, एवढे तर आपल्यापैकी प्रत्येकाला शक्य आहे.